औषधाने नखं काळी-निळी पडली तर आधी काय पाहायचं, मग काय करायचं, अन् गोळी काहून बंद करायची नाही

आमच्या उपकेंद्रात हे सारखं होऊन राहिलं म्हणून एकदाचं लिहून टाकते. पेशंट येतो, नखं दाखवतो, आणि दाखवतो तोवर गोळ्या बंद करून कितीतरी दिवस झालेले असतात. "सिस्टर, पोरीचे नखं काये पडले, म्हणून म्या गोया बंद केल्या." म्हणजे जे सगळ्यात शेवटी करायचं, आणि तेही डॉक्टरने ठरवायचं, ते सगळ्यात आधी होऊन बसलेलं. मधल्या काळात लिंबू चोळून झालेलं असतं, ब्लेडने खरवडून झालेलं असतं, कुणीतरी "रक्त सडलं" म्हणून घाबरवून सोडलेलं असतं, आणि आता मूळ रंग कसा होता ते कुणालाच धड सांगता येत नाही.

ज्यांचं एखादं औषध महिनोन्महिने चालू आहे त्यांच्यासाठी हे आहे. आपल्याकडे म्हणजे मुख्यतः सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराचे पेशंट, ज्यांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असते, आणि कॅन्सरवाले, जे केमोसाठी नागपूर-सेवाग्राम-सावंगीच्या चकरा मारतात. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवूनच पुढे वाचा: नखाचा रंग बदलणं वेगळं आणि नखाला इजा होणं वेगळं. नुसत्या रंगाची घाई नसते. दुखणं, सूज, पू, नख उचलणं आणि ताप, घाई ह्यांची असते.

आधी काय जमवायचं

गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका. पाकिटावरचं नाव दिसेल असा फोटो काढून ठेवा, कारण "ती पांढरी कॅप्सूल" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. दवाखान्याची फाईल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट (सीबीसी लिहिलेला असतो तो), औषध कधी चालू झालं ती तारीख, डोस कधी वाढवला ती तारीख. केमो असेल तर प्रत्येक सायकलची, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीची तारीख. एक साधी फूटपट्टी. बस एवढंच.

टप्पा १: हात धुवा, रंग उतरवा, फोटो काढा

नेलपॉलिश असेल तर काढा. मेहंदी असेल तर ती निघत नाही, पण किती तारखेला लावली होती ते लिहून ठेवा. हात-पाय साबणाने धुऊन कोरडे करा आणि दाराशी उजेडात या, ट्यूबलाईटखाली नको, तिथे सगळंच निळसर दिसतं. फ्लॅश बंद. दोन्ही हातांची दहा बोटं एका फोटोत, मग जे नख जास्त खराब दिसतं त्याचा जवळून, बाजूला फूटपट्टी ठेवून. पायाची बोटं विसरू नका, अंगठा तर अजिबात नाही. पाय कुणी दाखवतच नाही, मागून चपलेत लपवतात.

तपासा: फोटो मोठा करून पाहिल्यावर नखाच्या मुळाशी असलेली कातडी स्पष्ट दिसते का? नसेल दिसत तर परत काढा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

टप्पा २: रंग नखावर आहे, नखात आहे की नखाखाली

हा टप्पा सगळे गाळतात, आणि गोंधळ इथेच होतो.

नखावरचा डाग म्हणजे बाहेरून लागलेला: केसांचा डाय, बेटाडीन, जखम धुवायचं जांभळं पाणी म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, तंबाखू चोळणाऱ्याच्या बोटावरचा पिवळेपणा, हळद. ओळखायची खूण अशी की डागाची मुळाकडची कड ही कातडीच्या कडेसारखीच वळलेली असते, कारण रंग जिथवर पोचला तिथवरच लागला. आतून आलेल्या रंगाची मुळाकडची कड नखाच्या बुडाशी जो पांढरा अर्धचंद्र असतो त्याच्या वळणाने जाते. बाहेरचा डाग काही आठवड्यांत नख वाढलं की पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं.

नखातला रंग म्हणजे पट्टे. उभे काळे-तपकिरी पट्टे, मुळापासून टोकापर्यंत, किंवा अख्खं नख करडं. हायड्रॉक्सीयुरिया आणि बऱ्याच केमोचा रंग हा असा असतो. दाबल्याने जात नाही, घासल्याने जात नाही.

नखाखालचा रंग हा मांसाचा किंवा साकळलेल्या रक्ताचा. नख टोकाकडून हलकं दाबा आणि सोडा. आडवे पांढरे पट्टे दाबल्यावर गायब होत असतील तर ते नखात नसून खाली आहेत, असे पट्टे रक्तातलं प्रोटीन कमी झालं की येतात आणि केमोतही दिसतात. सगळीच नखं पांढरी फटक असतील तर आधी हिमोग्लोबिन पाहा, औषधाला दोष नंतर द्या.

सावधान: तपासायच्या नावाखाली सुई, पिन, ब्लेड काही नखाखाली घालायचं नाही.

टप्पा ३: ह्यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

- केमो चालू आहे आणि ताप १००.४ किंवा जास्त आहे. नख दुखो वा न दुखो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, आणि नखाच्या कडेला आलेला छोटासा पूसुद्धा तेव्हा रक्तात उतरू शकतो. उद्याची एसटी पाहू नका, त्याच दिवशी निघा, गाडी नसेल तर १०८.
- सिकलसेलच्या पेशंटला ताप, छातीत दुखणं किंवा धाप. नखांचा विषय बाजूला ठेवा.
- नखं निळी आणि ओठ-जीभही निळे. हा ऑक्सिजनचा प्रश्न आहे.
- नखाखालून पू, घाण वास, ठणका, बोट लाल होऊन लाली वर चढत चाललेली.
- हायड्रॉक्सीयुरियावर असताना घोट्याजवळ न भरणारी जखम. ही नखाची नाही, पण नखं पाहता पाहता हीच दिसते, आणि लोक सांगत नाहीत.

एक गोष्ट आजच्या आज नाही पण महिन्याच्या आत दाखवायची: एकाच बोटाला, बहुधा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याला, एकच काळा पट्टा आहे, तो रुंद होत चालला आहे आणि काळेपणा नखातून बाजूच्या कातडीत उतरून राहिला. औषधाचे पट्टे सहसा अनेक नखांना येतात. एकट्या नखाचा वाढता पट्टा हा क्वचित नखाखालचा कॅन्सर असू शकतो, त्याला कातडीच्याच डॉक्टरला दाखवायचं. उगाच घाबरू नका, आपल्या सावळ्या कातडीत बारीक पट्टे बिनऔषधाचेही असतात, पण वाढतो आहे का ते पाहा.

टप्पा ४: रंग औषधाशी जुळतो का

आता पाकिट काढा.

हायड्रॉक्सीयुरिया: उभे काळे-तपकिरी पट्टे, कधी अख्खं नख काळसर, बहुधा औषध चालू झाल्यावर काही महिन्यांनी. कधी तळहात, जिभेवरही काळे ठिपके येतात. दुखत नाही. औषध चालू आहे तोवर रंग राहू शकतो आणि तसा राहिला तर काही बिघडत नाही. ही गोळी सिकलचे झटके, म्हणजे अंग जोरात ठणकायचे दौरे, कमी करते, ती स्वतःच्या मनाने बंद केली तर नखं काही महिन्यांनी कदाचित उजळतील, पण झटका त्याच्या कितीतरी आधी येऊन जाईल.

डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड: स्तनाच्या कॅन्सरला नेहमी देतात त्यातली. काळे पट्टे, कधी आडवे, प्रत्येक सायकलचा एक. बहुतेक वेळा निव्वळ रंग.

पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल: ह्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. इथे नुसता रंग नसतो, नख मांसापासून उचलतं, खाली रक्त साकळतं, तपकिरी-जांभळं दिसतं, कधी पाणी किंवा पू येतो. शिवाय बोटं बधीर होतात, म्हणजे काटा रुतला तरी कळत नाही.

जेफिटिनिब, अर्लोटिनिब अशा फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रोजच्या गोळ्या: रंग कमी, नखाच्या कडेची कातडी सुजून लाल मांस वर येतं. लोकांना वाटतं नख आत रुतलं, आणि कडा कापून काढतात. कापायची नाही, दाखवायची.

बाकीचे पटकन सांगते. एआरटीतलं, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांतलं झिडोव्हुडिन असेल तर निळसर-काळी नखं. क्लोफाझिमिन, जे कुष्ठरोगाच्या गोळ्यांत असतं, त्याने कातडीच लालसर-काळी होते आणि औषध संपल्यावर महिनोन्महिन्यांनी हळूहळू उतरते, नखांतही रंग दिसतो. गठियासाठी लांब काळ हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर निळसर-करडी. आणि डॉक्सीसायक्लिन, स्क्रब टायफसच्या तापाला देतात ती: ही घेऊन भर उन्हात वावरात राबलं तर उन्हाने नख टोकाकडून उचलू शकतं, म्हणून कोर्स चालू असताना हात झाका.

तपासा: औषध चालू व्हायच्या आधीपासूनच रंग होता का? घरातल्या जुन्या फोटोत, लग्नाच्या अल्बममध्ये हात दिसतात. आधीपासून असेल तर दोष औषधाचा नाही, दुसरं कारण शोधा.

सर्रास होणारी चूक: मेडिकल स्टोअरमधून बुरशीची गोळी आणणं. बुरशीचं नख जाड, पिवळट, टोकाकडून भुरभुरणारं असतं आणि बहुधा आधी पायाला होतं. नखाचा तुकडा तपासल्याशिवाय गोळी घेऊ नका, कारण इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या केमोच्या बऱ्याच औषधांशी भांडतात, रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढवून ठेवतात. हिरवट-काळं नख असेल तर ते बहुधा ओल्यात राहून झालेलं जंतूचं, त्याचा इलाज आणखी वेगळा.

टप्पा ५: डॉक्टरला सांगायचं कसं

ओपीडीत वेळ मिळतो दोन मिनिटं. "नखं काळी पडली" म्हटलं की "त्याने काही होत नाही" असं उत्तर मिळतं, आणि नख उचललंय हे सांगायचं राहूनच जातं. म्हणून वाक्य तयार ठेवा, ह्याच क्रमाने: कोणतं औषध, कधीपासून, किती नखं, दुखतं का, उचललं का, पाणी-पू येतो का, बोटं बधीर आहेत का. मग फोटो दाखवा. आणि शेवटी हे विचारा: "गोळी तशीच चालू ठेवू ना?" उत्तर फाईलवर लिहून घ्या, घरी गेल्यावर सासू, शेजारीण, गावातला जाणता, सगळे वेगळं सांगणार आहेत आणि तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

नागपूर दूर असेल तर आधी उपकेंद्रात किंवा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवा, तिथून फोन लावता येतो. १०४ वरही आरोग्याचा सल्ला मिळतो.

सावधान: उत्तर येईपर्यंत डोस चालू. अर्धी गोळी, दिवसाआड गोळी असला मधला मार्ग काढू नका. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल फोडूनही द्यायची नाही, आणि देणाऱ्याने हात धुवायचे.

टप्पा ६: नखांची निगा

इथे जरा सविस्तर सांगते, कारण रंग आपल्या हातात नाही पण नख वाचवणं आहे.

कापणं. आपल्याकडे अजूनही अर्ध्या ब्लेडने नखं काढतात, ओसरीवर बसून, एकाच ब्लेडने घरातल्या सगळ्यांची. केमो किंवा हायड्रॉक्सीयुरिया चालू असलेल्या माणसासाठी हे बंद. त्याचं वेगळं नेलकटर, वापरून झालं की साबणाने धुऊन कोरडं. आंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा कापा, सरळ कापा, कोपरे खोलवर घेऊ नका. मुळाशी असलेली कातडी कापायची नाही, ढकलायची नाही, ती दाराची कडी आहे, जंतू तिथूनच आत येतात. नख उचललेलं असेल तर जेवढं सुटलं तेवढंच हळूहळू छोटं ठेवा म्हणजे कपड्यात अडकणार नाही. ओढून काढायचं नाही, आणि खालचा मळ काडीने कोरायचा तर मुळीच नाही, कोरलं की अजून सुटतं.

तेल-मलम. रात्री झोपताना नखाच्या मुळाशी खोबरेल किंवा व्हॅसलिन. रंग जात नाही त्याने, पण नख तडकत नाही.

पाणी. भांडी, कपडे, शेणाचं सारवण, राखेने घासणं, हे सगळं नखाचं दुश्मन. आतून सुती मोजा आणि वरून रबरी हातमोजा, नुसता रबरी नको, आत घाम साचतो आणि ओल्यातच ते हिरवं नख होतं. नख उचललेलं असेल तोवर शेणात हात घालायचा नाही, हे घरच्यांना मी सांगितलं असं सांगा. बायांना स्वतःहून काम सोडता येत नाही, कुणाच्या तरी तोंडचं लागतं.

वावर. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात, बधीर बोटाला कळतसुद्धा नाही, संध्याकाळी रक्त दिसतं. डोसिटॅक्सेल-पॅक्लिटॅक्सेल चालू असेल तर वेचणी नको. जावंच लागत असेल तर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना कागदी चिकटपट्टी किंवा जाड सुती मोजे, आणि घरी आल्यावर डोळ्यांनी एकेक बोट तपासा, हाताने चाचपून नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात पाय असतात, पायाची नखं उचललेली असतील तर बांधीत उतरू नका. फवारणी तर कुणीच करू नये ज्याची केमो चालू आहे. पायात पट्ट्याची चप्पल नको, पुढून बंद पण अंगठ्याला मोकळा असा बूट.

केमोच्या दिवशी. डोसिटॅक्सेल चालू असताना थंड हातमोजे घालून बसवलं तर नखांचं नुकसान कमी होतं, तुमच्या वॉर्डात सोय आहे का ते सिस्टरला आधीच विचारा. पण दोन ठिकाणी हे करायचंच नाही: ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर, कारण त्याला थंडी सोसत नाही, आणि पेशंटला सिकलसेल असेल तर, कारण थंडीने झटका येतो. घरून बर्फाची पिशवी नेऊन थेट कातडीवर ठेवण्याचा उद्योगही नको.

तपासा: रोज झोपताना वीस बोटं पाहायची. नवी सूज, नवं पाणी, नवा वास आहे का? असेल तर टप्पा ३ वर परत जा.

टप्पा ७: वाट पाहायची, पण मोजून

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम १ ते दीड. म्हणजे हाताचं अख्खं नख बदलायला सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष. केमोत वाढ आणखी मंदावते. औषध संपून महिना झाला तरी रंग गेला नाही म्हणून रडू नका, जायची वेळच झालेली नसते.

महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो. फूटपट्टीने मुळापासून आडव्या पट्ट्याचं अंतर मोजा. ६ मिलिमीटरवर पट्टा असेल तर तो साधारण दोन महिन्यांपूर्वीचा, किंवा थोडा आधीचा, कारण नख कातडीखालून बाहेर यायलाही वेळ घेतं. केमोच्या तारखांशी लावून पाहा, बहुधा जुळतंच. जुळलं तर कारण सापडलं. आडवा पट्टा दर महिन्याला पुढे सरकायला हवा. तसाच अडकून बसला तर दाखवा. हायड्रॉक्सीयुरियाचा उभा पट्टा मात्र सरकत नाही, तो मुळापासूनच बनत राहतो, त्याची फक्त रुंदी मोजायची.

टप्पा ८: झाकायचं असेल तर

सिकलसेलच्या पोरींचा खरा त्रास हा असतो. पाहुणे पाहायला येतात, हातात चहाचा ट्रे, आणि नजर नखांवर. झाकू नका असं मी सांगणार नाही. नेलपॉलिश लावा, नख शाबूत असेल तर. उचललेलं, दुखरं, पाणी येणारं नख असेल तर नाही. रिमूव्हर वारंवार नको, नख कोरडं पडतं. चिकटवायची नकली नखं नको. काळी मेहंदी नको, तिच्यात केसांच्या डायचं रसायन असतं, कातडी सोलून निघते. साधी मेहंदी चालते, पण ऑपरेशन किंवा भरती व्हायचं असेल तर नखांवर मेहंदी-पॉलिश दोन्ही नको, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन चुकीचं दाखवू शकतं. आणि प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री पॉलिश काढायची, नाहीतर डॉक्टर पाहणार काय?

जाता जाता कॅपेसिटाबिनवाल्यांसाठी. ह्या गोळीने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात आणि कधी बोटांचे ठसेच पुसट होतात, मग रेशन दुकानात मशीन अंगठा घेत नाही आणि दुकानदार माघारी पाठवतो. अंगठा घासून घासून कातडी अजून खराब करू नका. दवाखान्यातून औषधाच्या नावासकट चिठ्ठी घ्या, दुकानदाराला ओटीपी किंवा डोळ्याच्या मशीनबद्दल विचारा, नाहीतर कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला लागतो, तो गोळी चालू व्हायच्या आधीच जोडून घ्या, कारण नंबर बदलायलाही बहुधा अंगठाच मागतात.